एक्केचाळीस शब्दांना एकच

कारखान्यात त्यांना सगळे माफीबाई म्हणायचे. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, पण ते तिथून कधी बाहेर पडलं नाही. फाटकावरचा रखवालदार, बाटल्या भरणाऱ्या बायका, बॉयलरवरचे लोक, एवढंच काय पण जुने साहेबसुद्धा "माफीबाईंना बोलवा" असंच म्हणायचे. बाईंनाही त्याचं काही वाटत नव्हतं. कामच तसं होतं. कारखाना टोमॅटो सॉसचा. दिवसाला हजारो बाटल्या बाहेर पडायच्या, आणि त्यातल्या दोनचार बाटल्यांत सॉसखेरीज आणखी काहीतरी निघायचं. ज्याच्या ताटात ते निघालं, तो माणूस संतापून पत्र लिहायचा. त्या पत्राला उत्तर द्यायचं आणि कारखान्याच्या वतीनं माफी मागायची, हे बाईंचं काम. एकवीस वर्षं त्या हेच करत होत्या.

त्यांची खोली तळमजल्यावर, लॅबच्या मागच्या बाजूला होती. खिडकी एकच, तीही बाटल्या धुण्याच्या हौदाकडे उघडणारी. एक टेबल, एक लोखंडी कपाट, आणि कोपऱ्यात घरघर करणारा जुना फ्रीज. सगळं दुखणं त्या फ्रीजमध्ये होतं. लोक पत्रासोबत नमुना पाठवायचे आणि तो तीन महिने जपून ठेवायचा असा नियम होता. त्यामुळे आत ओळीनं बरण्या. एकीत माशी, दुसरीत अळी, तिसरीत झाकणाच्या आतल्या बाजूला आलेली हिरवी लव, चौथीत केसांची गुंतवळ. प्रत्येकीवर चिठ्ठी, तारीख, पाठवणाऱ्याचं गाव. फ्रीजचं दार उघडलं की आंबट, कुजका, गोडसर असा एक वास यायचा आणि तो दुपारपर्यंत नाकातून जायचा नाही. बाई रुमालावर निलगिरीचे दोन थेंब टाकून बसायच्या. पुढेपुढे त्यांना निलगिरीचा वासही नकोसा झाला. नोकरीला लागल्याच्या दुसऱ्या महिन्यापासून त्यांनी सॉसला तोंड लावलं नव्हतं. लग्नाकार्यात कुणी प्रेमानं वाढला तरी त्या ताट बाजूला सारायच्या.

पण पत्रं मात्र त्या मनापासून लिहायच्या. माशीला माशी म्हणायच्या. "आपल्या बाटलीत माशी निघाली हे वाचून आम्हांला लाज वाटली. माशी आमचीच आहे. खिडकीच्या जाळीला भोक पडलं होतं, ते काल बुजवलं. आपल्याला किळस आली असेल, ती आम्ही परत घेऊ शकत नाही, पण बाटली बदलून देतो." जुने साहेब सही करताना एकदा थबकले होते.

"बाई, माशी आमचीच आहे, हे जरा जास्त होतंय का?"

"मग कुणाची आहे, साहेब?"

साहेबांनी मुकाट्यानं सही केली. अशी पत्रं गेली की लोकांचा राग निम्म्यावर यायचा. काही जण उलट टपाली लिहायचे, की खरं बोललात, बरं वाटलं. एका आजोबांनी तर दिवाणखान्यात पत्र फ्रेम करून लावलं होतं म्हणे.

मग जुने साहेब निवृत्त झाले आणि नवे साहेब आले. वय चौतीस-पस्तीस, बूट असे की त्यात तोंड बघावं. दर दहा मिनिटांनी खिशातली बाटली काढून हाताला जंतुनाशक औषध चोळायचे. कारखान्याच्या आत फारसे फिरकायचे नाहीत. वर काचेच्या खोलीत पडद्यावर तक्ते दाखवायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी बाईंना वर बोलावून एक कागद हातात दिला. त्यावर एक्केचाळीस शब्द होते. माशी, अळी, झुरळ, केस, काच, बुरशी, सडणे, आंबणे, कुजणे, वास, घाण, उलटी, जुलाब, चूक, लाज... यादी खाली खाली जात होती.

"हे शब्द यापुढे आपल्या कुठल्याही पत्रात येणार नाहीत," साहेब म्हणाले.

"मग माशी निघाली तर काय लिहायचं?"

"इश्यू."

"आणि अळी निघाली तर?"

"इश्यू."

"बुरशी आली तर?"

"बाई, तुम्ही हुशार आहात. एकदा सांगितलं की कळायला हवं. आपल्याकडे काही निघत नाही, काही सडत नाही. ग्राहकाला इश्यू येतो, आपण तो रिझॉल्व्ह करतो."

यादीतला शेवटचा शब्द 'माफी' होता. तो बघून बाईंना हसावं की रडावं कळेना. "साहेब, मग माझं काय?" त्यांनी विचारलं. साहेब गोड हसले आणि म्हणाले, "तुम्ही आता कस्टमर डिलाइट." भरणाऱ्या बायकांनी दोन दिवस बाईंना "अहो डिलाइटबाई" अशी हाक मारून बघितली, पण ती काही त्यांच्या जिभेवर बसली नाही. त्यांच्यातली सगळ्यात थोरली बाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "आमच्या वेळी बायका इश्श म्हणायच्या, आता साहेब इश्यू म्हणतात. इश्श म्हणताना निदान लाज तरी वाटायची."

हसण्यावारी गेलं, पण काम बदललं, आणि साहेबांच्या जागी पत्रांखाली बाईंचीच सही जायला लागली. "आपल्याला आलेला इश्यू आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. सदर इश्यूची नोंद घेतली असून तो योग्य विभागाकडे पाठवला आहे." आठवड्याला वीस पत्रं, वीसही तीच. एका निवृत्त मास्तरांचं उत्तर आलं. "आपल्या सात ओळींच्या पत्रात इश्यू हा शब्द चार वेळा आला आहे. मी झुरळाबद्दल लिहिलं होतं. आपण कशाबद्दल लिहिलं आहे ते कळवावे." बाईंनी ते पत्र साहेबांना दाखवलं. साहेब म्हणाले, "या माणसाला आणखी एक इश्यू आहे, असं दिसतंय."

त्या दुपारी बाईंनी कपाटातला जाडजूड शब्दकोश काढला. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून त्या एका शब्दावर बसल्या. मासिकाचा अंक, तो इश्यू. वादाचा मुद्दा, तो इश्यू. कागद, हुकूम, सामान द्यायचं, तेही इश्यू करायचं. आतून बाहेर पडणं. मूलबाळ, संतती. आणि अगदी तळाला, बारीक अक्षरात, जुना अर्थ म्हणून दिला होता: जखमेतून वाहणारा स्राव, पू. बाईंनी कोश मिटला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो शब्द त्यांना आपल्या फ्रीजला शोभेलसा वाटला, आणि त्याच वेळी जेवणावरची वासनाही उडाली.

मूलबाळ हा अर्थ मात्र त्यांना कोशातून कळायची गरज नव्हती.

बाई बावीसच्या असताना लग्न होऊन आल्या. घरात सासूबाई आणि सासरी दोन वर्षं काढून परत आलेल्या मोठ्या नणंदबाई. नवरा लेथवर कामाला, अबोल, हाताची बोटं तेलानं कायमची काळी. तीन-चार वर्षं गेली आणि एके दिवशी शेजारणीशी बोलताना नणंदबाई हळूच म्हणाल्या, "वहिनीला इश्यू नाही ना." बाईंना वाटलं, घरी येणाऱ्या मासिकाचा या महिन्याचा अंक आला नाही असं म्हणताहेत. शाळेत तोच अर्थ शिकवला होता. त्या आतून ओरडल्या, "आलाय हो ताई, कपाटावर ठेवलाय!" अंक दाखवायला त्या बाहेर आल्या. मग शेजारणीच्या चेहऱ्याकडे बघून त्यांना खरा अर्थ उमगला, आणि कान असे तापले की पाण्याचे हबके मारावे लागले.

त्या घरात वांझ हा शब्द कुणी उच्चारला नाही. माणसं सुशिक्षित होती. इंग्रजीत म्हटलं की शिवी दिल्यासारखं वाटायचं नाही. पाहुणे आले की इश्यू, बारसं असलं की इश्यू, डॉक्टरांच्या कागदावर इश्यू आणि त्यापुढे आडवी रेघ. लहान बाळाला घ्यायला बाईंनी हात पुढे केले की आई बाळाला अशी अलगद वळवून घ्यायची की जणू बाईंच्या हाताला फ्रीजमधलं काही लागलंय.

आणि खरी गोष्ट अशी होती की दोष बाईंमध्ये नव्हताच. तपासण्यांचे दोन लिफाफे आले होते. बाईंचा स्वच्छ होता. नवऱ्याचा नव्हता. नवऱ्यानं दोन्ही वाचले, घडी घातली, आणि लोखंडी कपाटात तळाशी, गाद्यांच्या अभ्र्यांखाली ठेवून दिले. आईला सांगितलं, "तपासण्या चालू आहेत." पुढं सांगितलं, "जाऊ दे आता." सासूबाई गेल्या त्या सून वांझ आहे हे उराशी धरूनच गेल्या. बाईंनी कधी तोंड उघडलं नाही, नवऱ्यानंही नाही. तेव्हा बाईंना तो आपला मोठेपणा वाटला होता. हल्ली, ती वीस-वीस पत्रं टाइप करताना, त्यांना कधीकधी वाटायचं की झाकून ठेवायचं हे काम आपण कारखान्यात यायच्या आधीच शिकलो होतो. आणि स्वतःचीच किळस यायची.

उन्हाळ्याच्या अखेरीस एक पार्सल आलं. एका वसतिगृहाच्या स्वयंपाकिणीनं पाठवलेलं. अक्षर मोठं, ओबडधोबड, पण एकेक ओळ ठसठशीत.

"बत्तीस पोरं ओकली. मी स्वतः धुतलं. एका पोरीच्या ओकण्यात रक्त होतं, तिला दवाखान्यात ठेवलंय. त्या दिवशी जेवणात तुमचा सॉस होता, बाकी सगळं रोजचंच. बाटली पाठवते आहे. आत जे आहे त्याला मी हात लावला नाही, तुम्हीच बघा. इथले मोठे लोक म्हणतात मीच काहीतरी शिळं घातलं. सोळा वर्षं चूल सांभाळतेय, कुणाचं पोट दुखलं नाही. ते काय आहे एवढं मला लिहून कळवा. नाहीतर माझी नोकरी जाते."

बाटलीत अर्धा सॉस होता. तळाशी राखाडी केसांचा पुंजका, आणि त्याला चिकटून बोटाच्या पेराएवढं काहीतरी, खवल्याखवल्यांचं. बाईंनी इतक्या वर्षांत काय काय पाहिलं होतं, पण ही बाटली त्यांनी हातभर दूर धरूनच टेबलावर ठेवली. त्या ती लॅबवालीकडे घेऊन गेल्या. लॅबवाली तरुण होती, डोळ्याला भिंग लावून तिनं दोन मिनिटं बघितलं आणि मागे सरकली.

"शेपटी आहे," ती म्हणाली. "बाई, मी हे सांगितलं असं कुणाला सांगू नका."

"कागदावर काय लिहिणार?"

"बाह्य पदार्थाचा इश्यू." ती नजर चुकवत म्हणाली. "मला दुसरं लिहायची परवानगी नाही."

मग बाई बॉयलरकडे गेल्या. तिथं फोरमनमामा होते. बाईंच्या बरोबरीनं नोकरीला लागलेले, अंगानं आडदांड पण मनानं भित्रे. बाटलीवरचा आकडा बघितल्याबरोबर त्यांचा चेहरा पडला.

"दोन नंबरच्या टाकीतला माल आहे," ते म्हणाले.

"काय झालं होतं टाकीत?"

"काही नाही हो. मायनर..."

"मामा, इश्यू म्हणालात तर इथंच बसेन आणि उठणार नाही."

मामांनी इकडेतिकडे बघितलं. बॉयलरच्या आवाजात कुणाला ऐकू जाण्याची भीती नव्हती, तरी ते कुजबुजले. "दोन दिवसांची सुट्टी लागून आली होती ना, झाकण नीट लागलं नव्हतं. कामावर येऊन उघडलं तर वरती तरंगत होता. फुगून हा एवढा झालेला. चाळणीनं काढायला गेलो तर... बाई, नका विचारू. अख्खा निघाला नाही."

"आणि टाकी?"

"ओतायला निघालो होतो. साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, उकळल्यावर सगळं शुद्धच होतं, गाळा आणि भरा. वहीत त्यांनीच सांगितलं तसं लिहिलं. टाकी दोन, मायनर इश्यू, रिझॉल्व्ह्ड."

बाई बाहेर आल्या आणि बाटल्या धुण्याच्या हौदाशी वाकल्या. पोटात होतं नव्हतं ते सगळं पडलं. धुणाऱ्या बायका धावल्या, कुणी पाठ चोळली, कुणी पाणी दिलं. "काय झालं बाई, काय खाल्लंत?"

संध्याकाळी चारच्या सुमारास साहेबांनी त्यांना वर बोलावलं. लॅबचा कागद त्यांच्यापर्यंत पोचला होता आणि पत्राचा मजकूर त्यांनी आधीच तयार ठेवला होता. "आपल्याकडील साठवणुकीच्या इश्यूमुळे उत्पादनाच्या दर्जावर परिणाम झाल्याची शक्यता नाकारता येत नाही. स्वयंपाकघरातील स्वच्छतेकडे लक्ष द्यावे." वाचून झाल्यावर त्यांनी हाताला औषध चोळलं.

"साहेब, यात ती बाई मरते."

"कोण मरतंय? मुलं बरी आहेत. मी चौकशी केली. माइल्ड टमी इश्यू होता."

"एका पोरीला रक्त पडलं."

"बाई, उद्या दुपारपर्यंत हे पत्र गेलं पाहिजे. तुमच्या सहीनं. अशी पत्रं तुमच्याच सहीनं जातात ना?"

त्या खाली उतरल्या तेव्हा त्यांना साहेबांच्या हाताच्या औषधाचा वास आपल्याच अंगाला येतोय असं वाटत होतं. घरी जाऊन त्यांनी दोनदा अंघोळ केली.

जेवताना त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. शेपटीचं सांगताना तो घास हातात धरून थांबला, मग तो ताटात ठेवला. आता तो घरीच असायचा, लेथचं काम सुटून चार वर्षं झाली होती. तो म्हणाला, "अगं, लिहून टाक ना साठवणुकीचा इश्यू. आपल्या बापाचं काय जातंय? दोन वर्षं राहिलीत तुझी."

"आपलं काही जात नाही. त्या स्वयंपाकिणीचं जातं."

"ती कोण, तू कोण."

"दोष एकाचा आणि बोट दुसऱ्याकडे. मला ते कसं असतं ते माहीत आहे."

बाईंचा आवाज चढला नव्हता. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं त्या बोलल्या. नवऱ्यानं मान वर केली नाही.

"तू कधी बोलली नाहीस," तो शेवटी म्हणाला.

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते."

"आईपुढं जीभच वळली नाही."

"आई जाऊन अकरा वर्षं झाली. ताई वेगळ्या राहायला गेल्या तरी दर रविवारी येतात. माझ्या हातचा चहा पितात आणि शेजारच्या सुनेला सांगतात, हिच्याकडून ओटी भरून घेऊ नकोस."

तो उठला. लग्नानंतर पहिल्यांदा त्यानं स्वतःचं ताट स्वतः उचललं, मोरीवर नेलं आणि घासत बसला. ताट केव्हाच स्वच्छ निघालं होतं, तरी घासत होता. मग पाठमोराच म्हणाला, "लिही. जे आहे ते लिही." त्या रविवारी नणंदबाई आल्या, चहा प्यायल्या, गेल्या. तो बोलेल असं बाईंना दोनदा वाटलं. तो वर्तमानपत्र तोंडापुढं धरून बसला होता. बाईंना त्याची कीव आली, आणि कीव येतेय याची थोडी शिसारीही.

पण ते रविवारचं. त्याआधी, दुसऱ्याच दिवशी सकाळी, बाईंनी कारखान्याच्या छापील कागदावर हातानं पत्र लिहिलं होतं. टाइप केलं असतं तर साहेबांच्या संगणकावर दिसलं असतं.

"आपण पाठवलेल्या बाटलीत जे आहे ती उंदराची शेपटी आणि उंदराचे केस आहेत. आमच्या दोन नंबरच्या टाकीत उंदीर मरून पडला होता. तो काढून तोच सॉस गाळून भरला गेला. यात आपला, आपल्या चुलीचा किंवा आपल्या हातांचा काडीइतकाही दोष नाही. मुलांना जो त्रास झाला आणि आपण जे धुतलंत, त्याबद्दल मी माफी मागते. कारखाना मागत नाही, मी मागते. हे पत्र कुणालाही दाखवायला माझी हरकत नाही."

खाली सही, हुद्दा, तारीख. एक प्रत वसतिगृहाच्या अधीक्षकांना, एक अन्न तपासणीच्या सरकारी कचेरीला. जेवणाच्या सुट्टीत त्या स्वतः चालत कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेल्या. तिन्ही पाकिटं आत पडल्याचा आवाज आल्यावरही थोडा वेळ तिथंच उभ्या राहिल्या. शौर्यबिर्य काही वाटत नव्हतं, फक्त तोंडाची कडू चव जराशी कमी झाली होती.

नवव्या दिवशी तपासणीवाले आले. त्यांनी दोन नंबरच्या टाकीला सील ठोकलं, वह्या नेल्या, फ्रीजमधल्या बरण्यासुद्धा नेल्या. त्या महिन्याचा माल दुकानांतून परत मागवावा लागला. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्यात लिहिलं होतं, दर्जाविषयक इश्यूमुळे उत्पादन तात्पुरतं थांबवलं. उंदीर तिथंही नव्हता.

बाईंना कारणे दाखवा नोटीस मिळाली. पोच घेताना कारकून म्हणाला, "बाई, तुमच्या नावानं नोटीस इश्यू झालीय." मग वर बोलावणं आलं. साहेबांच्या दोन्ही बाजूंना दोन अनोळखी माणसं बसली होती. एकानं अगदी मायेनं विचारलं, "बाई, नेमका तुमचा इश्यू काय आहे?"

"मला इश्यू नाही," बाई म्हणाल्या. "घरात सगळ्यांना माहीत आहे."

त्यांना काही कळलं नाही. एकमेकांकडे बघून त्यांनी कागदावर काहीतरी टिपलं.

"मग हे पत्र का लिहिलंत?"

"तिनं विचारलं होतं, ते काय आहे. मला माहीत होतं. म्हणून सांगितलं."

"कारखान्याची बदनामी झाली, हे मान्य आहे?"

"उंदीर मी टाकला नव्हता."

आता साहेबांनी पुढं वाकून हळू आवाजात विचारलं, "एकवीस वर्षं ज्या कारखान्याचं मीठ खाल्लंत, त्याच्याशी असं वागताना काहीच वाटलं नाही?"

"मीठ खाल्लं," बाई म्हणाल्या, "पण सॉस नाही खाल्ला साहेब. एकदाही नाही."

त्यांना काढता आलं नाही, कारण सरकारी फायलीत त्यांचं पत्र लागलं होतं. पण खोली गेली. त्यांची बदली स्टोअरमध्ये झाली. पत्रं लिहायला एक मुलगी आली. पूर्वी पत्रांत काय लिहिलं जायचं हे तिला ठाऊकच नव्हतं, त्यामुळे तिला काही त्रास नव्हता. स्टोअर म्हणजे पत्र्याची लांब शेड. झाडू, फिनेल, हातमोजे, डोक्याच्या टोप्या. कुणाला काय दिलं ते वहीत लिहायचं, आणि त्या वहीवर मोठ्या अक्षरात काय छापलं होतं ते वेगळं सांगायला नको. दिवसातून साठ वेळा बाईंना तो शब्द लिहावा लागायचा. मोजे इश्यू, टोप्या इश्यू. "शिक्षाच करायची होती तर निदान नवीन शोधायची," असं त्या भरणाऱ्या बायकांना म्हणाल्या. थोरली एवढी हसली की तिला उचकी लागली.

महिन्याभरानं स्वयंपाकिणीचं पत्र आलं. नोकरी राहिली होती. पोरगी दवाखान्यातून परत आली होती, पण लाल काही दिसलं की ताट सारते. अधीक्षकांनी बाईंचं पत्र सगळ्यांपुढं वाचलं, आणि उंदीर हा शब्द आला तेव्हा जे मोठे लोक तिला बोलले होते तेच आधी तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाले. "मला बरं वाटलं," तिनं लिहिलं होतं. "तुम्हाला त्रास झाला असेल. तुम्ही जेवता ना नीट?" बाईंनी ते पत्र दोनदा वाचलं. नीट जेवते असं काही त्यांना म्हणता आलं नसतं.

साहेबांचं काय झालं? काही नाही. चौकशीत दोष झाकणाचा निघाला. झाकणाचं रबर जुनं होतं. फोरमनमामांची दोन वर्षांची पगारवाढ थांबली. त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही, बाईंकडे मात्र आठवडाभर बघितलं नाही. आणि वर्षाच्या आत साहेबांना बढती मिळून ते मोठ्या कचेरीत निघाले.

निरोपाचा समारंभ ठरला. मानपत्र लिहायला माणूस हवा होता. कारकून स्टोअरच्या दारात येऊन उभा राहिला.

"बाई, तुमच्यासारखी भाषा कुणाची नाही. चार ओळी लिहून द्या की. झालं गेलं विसरून जावं माणसानं."

"साहेबांच्या यादीतले शब्द वापरायची मुभा आहे का?"

"नाही हो, असं काय करता."

"मग माझ्याकडे देण्यासारखं काही नाही. टोप्या हव्यात तर टोप्या आहेत."

मानपत्र त्या नव्या मुलीनं लिहिलं. सगळे अंगणात जमले, हार आले, कागदी ताटल्यांत खाणं आलं आणि प्रत्येक ताटलीच्या कडेला लाल सॉसचा गोळा. बाई मागच्या रांगेत उभ्या होत्या, न जाऊन चालणार नव्हतं. मुलीनं स्वच्छ आवाजात वाचायला सुरुवात केली. "साहेबांनी आपल्या कार्यकाळात अनेक कठीण इश्यू मोठ्या कौशल्यानं हाताळले..."

बाईंच्या तोंडाला पाणी सुटलं, भुकेनं सुटतं ते नव्हे. त्या रांगेतून निघाल्या, शेडच्या मागच्या नळाशी गेल्या आणि थुंकल्या. चूळ भरली, पुन्हा थुंकल्या. अंगणातून टाळ्यांचा कडकडाट आला. त्यात फोरमनमामांचे जाड हात वेगळे ओळखू येत होते, सगळ्यांत जोरात आणि सगळ्यांत शेवटपर्यंत तेच वाजत होते.

पाळी सुटायला अजून वीस मिनिटं होती. बाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि स्टोअरमध्ये परत गेल्या. बॉयलरवरची दोन माणसं दाराशी थांबली होती, त्यांना मोजे द्यायचे राहिले होते.